कॉम्प्रेसरने ट्युबलेस सायकल टायर बसवताय? या चुका टाळा

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, या कारखान्यांच्या वस्तीत, हवेला तोटा नाही. कास्टिंगमधली वाळू झटकायला, लेथवरच्या चिप्स उडवायला, रंगाची गन चालवायला दर दुसऱ्या शेडमध्ये कॉम्प्रेसर असतो. आमच्या शेडमधला, लेथ चालवणाऱ्या आण्णांनी टर्निंगच्या कामासाठी घेतलेला. त्याच शेडच्या दाराजवळच्या कोपऱ्यात मी सायकली दुरुस्त करतो. उसाच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि पाणंदीत सराटे, त्यामुळे पन्हाळा, जोतिबा, राधानगरी करणारी मंडळी झपाट्याने ट्युबलेसकडे वळली. त्यांचे टायर चढवणं हे माझं रोजचं काम झालं. पण त्यातले बरेच टायर मी पहिल्यांदा चढवत नाही. कुणीतरी ओळखीच्या शेडमध्ये जाऊन, गन लावून, धाडकन बसवलेला टायर मी उतरवतो आणि पुन्हा बसवतो. परवा एकाच दिवशी दोघे आले, दोघांची चूक तीच. म्हणून लिहायला बसलो.

आधी आत काय घडतं ते बघू, कारण ते कळलं नाही की माणूस नुसता जोर लावत सुटतो. टायरच्या दोन्ही कडांमध्ये जी न ताणणारी दोरी असते तिला बीड म्हणतात. रिमच्या आत मधोमध खोल खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टा. मी त्याला कट्टा म्हणतो. टायर हाताने चढवताना बीड खाचेत असतं, आणि हवा भरली की त्याने खाचेतून वर चढून कट्ट्यावर बसायचं असतं. ‘टक्, टक्’ असा आवाज येतो तो हाच. अडचण अशी की सुरुवातीला टायर ढिला असतो, बीड आणि रिमच्या मध्ये फटी असतात. हातपंपाच्या एका हिसक्यात पाव ते अर्धा लिटर हवा जाते. २९ इंची सव्वादोन रुंदीच्या टायरच्या पोटात पाच लिटरच्या वर जागा असते. दुसरा हिसका मारेपर्यंत पहिल्याची हवा फटीतून निघून गेलेली असते. कॉम्प्रेसरची २५ लिटरची टाकी ६० पाउंडावर, म्हणजे साधारण ४ बारवर असेल, तर तिच्यात बाहेर सोडता येईल अशी शंभर लिटर हवा असते, आणि ती एका दमात येते. फटीतून जाते त्याहून जास्त आत येते, टायर फुगतो, बीड रिमला भिडतं, फट मिटते.

म्हणजे टायर बसवतो तो हवेचा लोंढा. दाबाचं काम त्याच्यानंतर, आणि तेही थोडं. आमच्या गावात नेमकं उलटं समजतात. टायर बसत नाही म्हटलं की “प्रेशर वाढव की” हेच पहिलं तोंडात येतं.

टाकीचा सगळा दाब थेट टायरवर सोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती माझ्या शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत झाली आहे.

फेब्रुवारीतली शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे जोतिबाला जायचं म्हणून इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा सायकल घेऊन आला. मागचा टायर त्याने घरी चढवला होता, आत सीलंटही, म्हणजे बारीक भोकं बुजवणारा लॅटेक्सचा पातळ द्रव, ओतलं होतं, फक्त बसवायचा राहिला होता. मी दुसऱ्या एका चाकाचा डग काढत होतो. म्हटलं, “दहा मिनिटं थांब, हे चाक उतरवतो आणि बघतो.” तो म्हणाला, “काका, नुसती हवा तर मारायची हाय, मी मारतो की.” मी मान वर करून “थांब” म्हणेपर्यंत त्याने भिंतीवरची गन घेतली होती. त्या वेळी आमच्या लाईनला दाब कमी करणारा रेग्युलेटर नव्हता. टाकी १२० पाउंडावर कट होत असे. तेवढा सगळा दाब सरळ गनमध्ये.

टायर लगेच फुगला, पण एका जागी बीड वर चढेना. तिथे टायर आत दबलेला दिसत होता. कुठलाही नवशिक्या जे करतो तेच त्याने केलं: ती दबलेली जागा बघायला तोंड जवळ नेलं आणि गनचा खटका दाबून धरला. मग जो आवाज झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. बंद शेड, वर पत्रा. समोरच्या शेडमधली माणसं धावत आली. आण्णांनी आधी मेन स्विच पाडला आणि मग मागे वळून बघितलं. पोरगा खाली बसलेला, तोंडावर, केसांत, शर्टावर सगळीकडे पांढरं सीलंट. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नसता तर काय झालं असतं हा विचार आजही रात्री येतो. नंबरचा चष्मा होता, म्हणून वाचला. उजव्या कानात शिट्टी सुरू झाली होती. त्याच संध्याकाळी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा शाबूत निघाला, पण शिट्टी चार दिवस राहिली. रिमची कड वीतभर बाहेर वळली होती. टायरचं बीड तुटून तार बाहेर आलेली.

टायर उचलून बघितला तर त्यावर ट्युबलेस असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. साधा, ट्यूब घालायचा, तारेचा टायर. दोन चुका एकावर एक बसल्या होत्या. साध्या टायरचं बीड ट्युबलेस कट्ट्यावर घट्ट बसेल अशा मापाचं केलेलं नसतं आणि दाबाखाली रिमवरून निसटायला त्याला कारण लागत नाही. असा टायर मी आता कुणी कितीही आग्रह केला तरी बसवत नाही. “मित्राने बसवलाय, वर्षभर चालतोय” हे मला सांगू नका.

त्या रात्री आण्णा एवढंच बोलले: “हवा दिसत न्हाई, म्हणून कुणी तिला भीत न्हाई. फिरत्या चकला कोण हात लावतंय का?” चाळीस वर्षं लेथवर, त्या फिरत्या चकसमोर, काढलेला माणूस. नंतर मी कागदावर हिशेब मांडला. २९ इंची टायरच्या एका बाजूच्या भिंतीवर आतून किती जागेवर हवा रेटते ते काढलं आणि १२० पाउंडाने गुणलं. नऊ टनांच्या वर आकडा आला. उसाची एक भरलेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. या रेट्यातला मोठा भाग काही मिलिमीटर उंचीची ॲल्युमिनियमची कड आणि ती दोरी तोलून धरणार, अशी आपली अपेक्षा असते. तोच टायर ३५ पाउंडावर असेल तर हिशेब पावणेतीन टनांवर येतो. तोही कमी नाही, पण रिम आणि टायर तेवढ्यासाठी केलेले असतात.

सोमवारी सकाळी पहिलं काम रेग्युलेटर आणण्याचं केलं. तेव्हापासून सायकलच्या लाईनला ६० पाउंडाच्या वर हवा येतच नाही. साठच का? मोकळ्या व्हॉल्व्हमधून लोंढा यायला तेवढा पुरतो. शिवाय ज्या रिमला आतून हूक नसतो, म्हणजे हूकलेस, तिची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साडेबहात्तर पाउंड धरतात. माझा हात चुकला तरी लाईन त्याच्या खाली राहते. आणि लाईन साठची असली तरी टायर मी साठपर्यंत नेत नाही. माउंटन बाइकचा टायर तीस ते चाळीसच्या दरम्यान बसलाच पाहिजे. नाही बसला तर हवा सोडतो, साबणाचं पाणी लावतो, पुन्हा भरतो. टायरवर एक कमाल आकडा लिहिलेला असतो, रिमवर किंवा रिमच्या कागदात दुसरा. दोन्हींतला जो लहान, तो आपला. दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आणखी दोन सवयी त्या दिवसापासून लागल्या. डोळ्यांवर गॉगल, ग्राइंडिंगला वापरतो तोच. आणि हवा भरताना चाकाच्या बाजूला तोंड न्यायचं नाही. चाक स्टँडला, मी टायरच्या रेषेत उभा, हात लांब. दबलेली जागा बघायची असेल तर आधी हवा कमी करायची, मग वाकायचं.

गनच्या तोंडाशी लावलेल्या गेजवरही विसंबू नका. हवा वाहत असताना तो लाईनचा दाब दाखवतो. टायरमधला दाब बघायचा तर खटका सोडायचा, काटा स्थिर होऊ द्यायचा आणि मग वाचायचा. मी दोन-दोन सेकंदांनी खटका सोडतो. दोन सेकंद हवा, नजर टायरवर, पुन्हा दोन सेकंद.

व्हॉल्व्हची पिन न काढता हवा मारणं

प्रेस्टा, म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची पिन आत असेल तर हवेला जायला सुईएवढी वाट उरते. मग तुमचा कॉम्प्रेसर केवढाही असो, आत जाणारी धार हातपंपासारखीच. पिन छोट्या पान्याने काढा, रबरी टोकाची गन व्हॉल्व्हच्या नळीवर घट्ट टेकवा आणि खटका दाबा. दहापैकी आठ टायर इथेच बसतात, दाब वाढवायची वेळच येत नाही.

मग गन काढली की सगळी हवा फुस्स करून निघून जाते आणि लोक घाबरतात. बोट दाबून धरतात, धडपडत पिन लावायला जातात, ती सीलंटमध्ये पडते. घाबरू नका. बीड एकदा कट्ट्यावर बसलं की हवा गेली तरी चांगल्या रिमवर ते तिथेच राहतं. सावकाश इंजेक्शनच्या सिरिंजने व्हॉल्व्हमधून सीलंट सोडा, पिन लावा, परत हवा भरा. या वेळी व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवावा. तळाशी ठेवला तर सगळं सीलंट तुमच्या मनगटावर येतं.

यावरूनच पुढचं: टायर बसायच्या आधी सीलंट ओतू नका. आधी कोरडा टायर बसवून बघा, गळतोय का ते तपासा, मग सीलंट. त्या पोराने आधी ओतलं होतं. नंतर आमच्या तयार जॉबवरचे, म्हणजे लेथवर केलेल्या भागांवरचे, लॅटेक्सचे ठिपके काढण्यात आण्णांचे दोन दिवस गेले.

टेप

माझ्याकडे “टायर हवा धरत नाही” म्हणून येणाऱ्या चाकांत टायरचा दोष क्वचित निघतो. दोष टेपचा असतो, आणि टेपकडे कुणी बघतही नाही, कारण ती टायरच्या आत झाकलेली.

१९९९ मध्ये माविक या रिमवाल्या कंपनीने मिशलँ आणि हचिन्सन या टायरवाल्यांबरोबर सायकलसाठी यूएसटी नावाची ट्युबलेस पद्धत आणली, तेव्हा रिमच्या आतल्या तळाला स्पोकची भोकंच नव्हती. टेपची गरजच नव्हती. आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक रिमला २८ किंवा ३२ भोकं असतात, शिवाय व्हॉल्व्हचं एक. ती सगळी बुजवून हवा अडवणारी भिंत म्हणजे ती पातळ टेप. भिंतच कच्ची असेल तर वर कॉम्प्रेसर लावून काय होणार?

सगळ्यात जास्त दिसते ती इलेक्ट्रिकची काळी टेप. स्वस्त, प्रत्येक घरात असते, ताणली जाते. पण तिचा गोंद उन्हाने पातळ होतो आणि दाबाखाली ती स्पोकच्या भोकात फुग्यासारखी उतरते. एप्रिलच्या दुपारी पन्हाळ्याच्या पायथ्याला सायकल तापली की टेप सरकते आणि वाघबिळाच्या चढावर टायर सपाट होतो. खोकी बांधायची चिकटपट्टीही नको. ट्युबलेसची टेप महाग वाटते, मान्य आहे. पण दोन चाकांना एक रीळ पुरतं आणि ती वर्षं-दोन वर्षं टिकते.

रुंदी बघून घ्या. रिमवर ६२२×२५ असा आकडा असतो. त्यातला २५ म्हणजे आतली रुंदी मिलिमीटरमध्ये. टेप त्याहून दोन-तीन मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे २७ किंवा २८. तेव्हाच ती खाचेत उतरून पुन्हा दोन्ही कट्ट्यांवर कडेपर्यंत पोचते आणि बीड तिच्यावर बसून तिला दाबून धरतं. २५ च्या रिमला २१ ची टेप लावलेली चाकं मी ढिगाने बघितली आहेत. टेपची कड कट्ट्याच्या अलीकडेच संपते, हवा कडेखालून शिरते आणि स्पोकच्या निपलमधून, म्हणजे स्पोक आवळायच्या छोट्या नटातून, बाहेर येते.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो. शाहूपुरीतल्या एका शिक्षकांची सायकल. जुलै महिना, बाहेर सलग चार दिवस पाऊस. त्यांना रविवारी गगनबावड्याला जायचं होतं, म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी टेप लावली, टायर बसवला, सीलंट घातलं, रात्री त्यांना चाक दिलं. सोमवारी ते परत आले: मागचं चाक सकाळी सपाट. मी सीलंट वाढवलं. गुरुवारी पुन्हा सपाट. मी टायरची बाजू विरळ असेल असं समजून नवा टायर घ्यायला लावला. तोही तीन दिवसांत सपाट झाला. चौथ्या खेपेला मी टायर काढून टेपला नख लावलं तर ती सालीसारखी निघून आली. खाली रिमवर पाणी आणि सीलंटची पांढरी रेघ, निपलच्या भोकापर्यंत गेलेली. दमट हवेत, गार रिमवर, घाईत लावलेली टेप कधी चिकटलीच नव्हती. मी त्यांचे नव्या टायरचे पैसे परत केले. ते घेत नव्हते, तरी दिले, कारण टायर निर्दोष होता आणि तो बदलायचा सल्ला माझा होता.

तेव्हापासून टेपसाठी मी घाई करत नाही, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी. जुनी टेप काढतो, तिचा गोंद काढतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसतो. रॉकेलने किंवा डिझेलने पुसू नका. त्याचा तेलकटपणा राहतो आणि त्यावर काहीच चिकटत नाही. पावसाळ्यात रिम हॅलोजनखाली धरतो, हाताला कोमट लागेपर्यंत. टेप व्हॉल्व्हच्या भोकाच्या एक वीत अलीकडून सुरू करतो, पूर्ण वेढा घेतो आणि भोकावरून पुढे आणखी वीतभर नेतो, म्हणजे भोकावर दोन थर येतात. लावताना टेप ताणून धरायची. ढिली लावली की खाचेत पोकळी राहते. मग कापडात गुंडाळलेल्या अंगठ्याने मध्यापासून कडेकडे दाबत सगळं चाक फिरायचं. कंटाळवाणं काम आहे. एका चाकाला पंधरा मिनिटं लागतात आणि मला ती लावावीशी वाटतात.

व्हॉल्व्हसाठी टेपला कटरने फुली मारू नका. फुलीचं टोक दाबाने पुढे फाटत जातं. मी गोणी शिवायचं दाभण तापवून टोचतो. गोल भोक पडतं आणि त्याची कड वितळून पक्की होते.

मग ट्यूब घालायची, तोच टायर चढवायचा, ३५-४० पाउंड हवा भरून रात्रभर ठेवायचं. ट्यूब टेपला सगळीकडून दाबते, आणि घडी घालून डब्यातून आलेल्या टायरच्या वळ्याही निघतात. सकाळी एकाच बाजूचं बीड सोडवून ट्यूब काढायची. दुसऱ्या बाजूचं बीड आधीच कट्ट्यावर बसलेलं असतं. आता हवेला एकाच बाजूची फट मिटवायची उरते. काम अर्धं होतं. ही एक रात्र द्यायला लोक तयार नसतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. ट्युबलेस अवघड आहे, असं सांगत फिरणारे बहुतेक जण ही रात्र वाचवलेले असतात.

छोट्या वाटणाऱ्या चुका

व्हॉल्व्हचं नट पक्कडीने आवळणं. आतलं रबर चेपून एका बाजूला फाकतं आणि तिथूनच गळती सुरू होते. शिवाय रस्त्यात कधी ट्यूब घालायची वेळ आली तर ते नट हाताने सुटत नाही. बोटांनी आवळा, पुरतं.

व्हॉल्व्हपाशी बीड तपासायचं विसरणं. बीड व्हॉल्व्हच्या रबराखाली अडकलं असेल तर हवा टायरच्या पोटात न जाता सरळ बाहेर येते. नट थोडं सैल करून व्हॉल्व्ह आत ढकला, हलवा, बीड दोन्ही बाजूंना आलं ना ते बघा.

साबणाचं पाणी न लावणं. भांड्यांचा साबण पाण्यात, ब्रशने दोन्ही बीडना. ग्रीस किंवा ऑइल कधीच नको.

टाकीतलं पाणी न काढणं. पावसाळ्यात आमच्या टाकीखालचा कॉक उघडला की तांब्याभर गंजाचं पाणी येतं. ते टायरमध्ये गेलं तर सीलंट पातळ होतं. टायर घ्यायच्या आधी कॉक उघडा, आणि गन एकदा मोकळ्यावर मारून घ्या.

प्रेस्टाचं साडेसहा मिलिमीटरचं भोक मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी ड्रिलने साडेआठ करणं. उद्यमनगरात ड्रिल हाताशी असल्यामुळे हे फार चालतं. अरुंद रिमवर करूच नका. रुंद रिमवर करायचंच असेल तर बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली धार, काढा, कड गोल घासा, नाहीतर ती टेप कापते. पितळेचा छोटा ॲडॉप्टर मिळतो, तो लावला की भोकाला हात लावायची गरजच नाही.

मोटारसायकलसाठीचं धाग्याधाग्यांचं घट्ट जेल ओतणं. प्रेस्टाची वाट त्याने बुजते. सायकलचं पातळ लॅटेक्सचंच घ्या. २९ इंची सव्वादोन टायरला १०० मिलीच्या आसपास, ४० मिलिमीटरच्या ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्याच्या) टायरला ६०, रस्त्याच्या २८ च्या टायरला ३० ते ४०.

टायरमध्ये पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावणं. ट्रकच्या टायरवाल्यांचं बघून दोन जणांनी मला विचारलं आहे. माझ्या शेडमध्ये हा विषय काढलेला मला चालत नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत हवा साठवून ती टायरला सोडायची युक्तीही तशीच. बाटली कधी फुटेल याचा कुणालाच भरवसा नसतो.

बसला, पण हवा जातेय

आधी बघा, तो खरंच बसलाय का. टायरच्या कडेला रिमला लागून एक बारीक रेषा छापलेली असते. चाक फिरवा. रेषा सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती रिममध्ये बुडाली असेल तर तिथे बीड अजून खाचेत आहे. हवा पूर्ण सोडा, त्या जागी साबणाचं पाणी लावा, हाताने तिथला टायर बाहेर ओढा आणि मग पुन्हा भरा. हवा न सोडता दाब वाढवत जाणं म्हणजे त्या शनिवारच्या वाटेने जाणं.

मग सगळ्या चाकाला साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे कुठे येतात. टायरच्या भिंतीतून बारीक बारीक फुटत असतील तर काळजी नको, सीलंट ते बुजवेल. बीड आणि रिमच्या मधून येत असतील तर तिथे घाण किंवा रिमला खोक आहे का ते बघा. बोट फिरवलं की कळतं. स्पोकच्या निपलमधून किंवा व्हॉल्व्हच्या नटाखालून येत असतील तर टेप. इथे लोकांची एक मोठी गफलत होते: ज्या निपलमधून हवा येते त्याच भोकावर टेप फाटली असणार असं समजतात. पोकळ रिममध्ये हवा आतल्या आत फिरते आणि सापडेल त्या भोकाने बाहेर पडते. गळती चाकाच्या समोरच्या टोकालाही असू शकते. म्हणून तेवढ्याच जागी ठिगळ लावू नका, सगळी टेप काढा. आणि निपलमधून हवा येत असताना सीलंट वाढवून ती थांबवायचा प्रयत्न तर नकोच. मी तो केला आहे, शाहूपुरीच्या त्या चाकावर.

सीलंट घातल्यावर चाक नुसतं फिरवून भिंतीला टेकवू नका. दोन्ही हातांत आडवं धरून हलवा, मग बादलीवर आडवं ठेवा, एक बाजू अर्धा तास, उलटून दुसरी बाजू अर्धा तास. शक्य असेल तर लगेच रंकाळ्याला एक चक्कर मारून या. चालवताना सीलंट जितकं सगळीकडे पोचतं तितकं हाताने हलवून पोचत नाही.

पहिले दोन-तीन दिवस थोडी हवा उतरणारच. दुसऱ्या सकाळी चाकात काहीच नसेल तर ती गळती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकायला लागतं. मी रिमला बाहेरून, स्पोकच्या बाजूला, कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर घातल्याची तारीख लिहितो. त्या तारखेनंतर दोन महिन्यांनी पिन काढा, आत एक काडी घालून बघा. काडी ओली निघाली तर ठीक, कोरडी निघाली तर भर घाला.

रविवारी जायचं असेल तर चाक माझ्याकडे शनिवारी संध्याकाळी आणू नका. बुधवारी आणा. बुधवारची रात्र टेपला, गुरुवारी टायर बसेल आणि सीलंट जाईल, शुक्रवारी-शनिवारी तुम्ही घरी रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघा. काही बिघडलं तर हातात एक दिवस असतो.